मार्शबीच्या मठातल्या सासूबाई

माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त स्वतःच्या करंगळीची धार काढली.

हे वाचून तुम्ही जसे थबकलात, तसंच त्या दिवशी आमचं सगळं घर थबकलं होतं. पुण्यात आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलगी बघायचा कार्यक्रम चालू होता. मुलगी म्हणजे मी. मुलगा, म्हणजे विनय, पोह्यांतले शेंगदाणे एका कडेला जमवण्यात गुंतला होता. त्याचे वडील माझ्या बाबांशी पाणीटंचाईवर बोलत होते. आणि त्याची आई, सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सुमतीबाई, चष्मा कपाळावर चढवून गप्प बसल्या होत्या. पोह्यांची बशी हातात आल्यापासून त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. मी चहा पुढे केला. त्यांनी कपात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताची करंगळी उजव्या मुठीत धरली आणि हळूच खाली ओढली. मग पुन्हा ओढली.

आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"अंगठी मागतायत," ती कुजबुजली. "देणंघेणं काही नको म्हणाले होते ना?"

"करंगळीत कोण अंगठी घालतं गं?" मागून आलेले बाबा म्हणाले.

"ते बाहेर जाऊन त्यांना विचारा!"

बाबा बाहेर गेले. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "वहिनी, म्हणजे, आपली काही अपेक्षा...?" सासूबाईंनी शेवटचा घास संपवला, पाणी प्यायल्या आणि अगदी प्रसन्न आवाजात म्हणाल्या, "दूध हो. चहात जरा दूध हवं होतं. रागावू नका, खाताना मी बोलत नाही. मार्शबीच्या मठात दुधाची हीच खूण होती."

मार्शबी कुठे आलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाबांना ते नाशिककडे असावं असं वाटलं.

मार्शबी इंग्लंडात आहे, पूर्वेकडच्या दलदलीत. मध्ययुगात तिथे एक चिमुकला मठ होता. पाच-सहा साधू, त्यांच्यावर एक प्रायर म्हणजे मठप्रमुख, एक गळकं छप्पर आणि खायला मुख्यतः घेवड्याच्या दाण्यांची आमटी. पुढे तिथल्या राजाने लहान मठ बंद केले, त्यात हाही गेला. आता एक भिंत तेवढी उभी आहे आणि तिच्या आडोशाला एक शेतकरी ट्रॅक्टर लावतो. एवढ्या मठाचा इतिहास लिहायचा म्हणून माझ्या सासूबाईंनी जन्म काढला.

एम.ए.ला त्यांच्या गाईडने हा विषय त्यांच्या गळ्यात मारला, कारण दुसरं कुणी घेईना. पुढे लग्न झालं, विनय झाला, नोकरी लागली, सासू-सासऱ्यांची आजारपणं झाली. मठ मात्र सुटला नाही. "आपल्याकडे इतिहास म्हटला की सगळे गडावर चढतात," त्या म्हणायच्या. "मी दलदलीत उतरले. तिथे गर्दी कमी."

लग्नानंतर पहिले काही महिने मी मनातल्या मनात सासरच्या नातेवाइकांचा तक्ता तयार करत होते. त्यात वॉल्टर कुठे बसवावा, ते कळेना. वॉल्टरचा विषय रोज निघायचा. "वॉल्टरने परत खोडी काढली बघ." "वॉल्टरचं आणि प्रायरचं कधी पटलंच नाही." मला वाटलं, घरातल्या कुणीतरी परदेशात पळून जाऊन लग्न केलं असेल आणि हा तिकडचा जावई असेल. मी आदराने विचारलं, "वॉल्टरराव सध्या कुठे असतात?" सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. विचार करायचा असला की त्या तो नेहमी वरच चढवत. "जाऊन सहाशे वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या, "पण माणूस अजून घरात असल्यासारखा वाटतो."

त्यांना साधूंबद्दल फार भक्तिभाव होता असं समजू नका. त्या मठाकडे एकत्र कुटुंबाकडे बघावं तसंच बघत. "पाच माणसं, एक चूल, एक छप्पर. मग धुसफूस होणारच. त्यात घरात बाई एक नाही, म्हणजे भांडण मिटवणार कोण?" आणि मोठ्या मठांवर लिहिणाऱ्या विद्वानांबद्दल: "मोठ्या मठात दोन माणसं वर्षभर न बोलता राहू शकतात. लहान मठात रुसायलासुद्धा जागा नसते. खरी परीक्षा तिथे."

विनयला इथे जर्मनीत, हायडेलबर्गला नोकरी लागली आणि आम्ही आलो. सासरे गेल्यावर सासूबाई दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊ लागल्या. सगळे म्हणायचे, नातीसाठी येतात. खरं म्हणजे त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी येत. सकाळी डबा घेऊन निघायच्या, संध्याकाळी ट्रामने परत. किल्ला? "बघितला की, खालून." नदीवरचा जुना पूल? "ग्रंथालयाच्या वाटेवर नाही."

जर्मनीतली एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडली: रविवारची रूहेत्साईट. म्हणजे सक्तीची शांतता. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्लाइन आमच्या कुकरची शिट्टी ऐकून रविवारी दुपारी वर आल्या, तेव्हा मी चिडले होते. सासूबाई मात्र भारावून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मेघना, ही बाई मार्शबीत प्रायर असती ना, तर मठ बुडाला नसता."

"आई, अहो, ती आपल्या वरणभाताच्या मुळावर उठलीय!"

"असू दे. शिस्त आहे."

तेव्हापासून रविवारी आमच्याकडे कुकर सकाळीच लागतो.

जेवताना मौन, हा नियम त्यांनी हायडेलबर्गलाही आणला. मीठ हवं, पोळी हवी, सगळं हातांनी. माशाला तळहात शेपटीसारखा हलवायचा. सामन मासा हवा असेल तर तो हलवून झाल्यावर अंगठा हनुवटीखाली टेकवून मान ताठ करायची, कारण सामन खायचे ते श्रीमंत आणि मिजासखोर. मधाला जीभ बाहेर काढून बोटं चाटायची. माझी लेक रेवा मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते, पण आजीच्या खुणा ती दोन जेवणांत शिकली. वर तिने आजीसाठी खूण तयार केली: नसलेला चष्मा दोन बोटांनी कपाळावर सरकवायचा. विनय मात्र या खेळात कधी आला नाही. "आई, तोंड आहे ना तुला? मीठ पाहिजे तर मीठ म्हण." एवढं बोलून तो स्वतः सगळं जेवण गप्प राहायचा. पण ते मौन नव्हे, तो त्याचा स्वभाव.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सासूबाईंच्या सगळ्या आयुष्याचं काम एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. मार्शबीचे साधू मौनाने जेवत आणि त्यांच्या जेवणातल्या खुणांची यादी आज उपलब्ध आहे. त्यांत सामन आहे, अंजीर आहे, बदामाचं दूध आहे, मधातली पोळी आहे. आणि मठ खात होता घेवड्याची आमटी. मग या खुणा कशाला? मोठमोठ्या लोकांनी निकाल देऊन टाकला होता: कुठल्यातरी श्रीमंत मठातून जशाच्या तशा उचलल्या, मार्शबीत त्या कुणी कधी वापरल्या नाहीत.

"ज्यांच्या घरात कुणी मौनाने जेवलेलं नाही, त्यांचं हे मत," सासूबाई म्हणायच्या. आणि मग ती गोष्ट सांगायच्या. मी ती इतक्यांदा ऐकली होती की त्यांनी सुरुवात केली की मी मागे उभी राहून ओठ हलवायची आणि रेवाला हसवायची.

त्यांचे वडील मिरजेला शाळामास्तर होते. चातुर्मासात जेवताना मौन पाळायचे. घरची बेताची परिस्थिती, ताटात भात, आमटी आणि असली तर एखादी भाजी. मास्तर दोन घास खाऊन हात थांबवायचे. मग डावी मूठ उंच धरायची आणि उजवा तळवा तिच्याखाली वाटीसारखा: चक्का फडक्यात टांगला आहे आणि थेंब गळतायत. म्हणजे श्रीखंड वाढा. श्रीखंड व्हायचं वर्षातून एकदा, दसऱ्याला. त्यांची बायको वाढता वाढता थांबायची, गंभीर चेहऱ्याने हातातली पळी हवेतून कमानीसारखी पुढे न्यायची आणि पलीकडे टेकवायची. आजचा दिवस ओलांडून पलीकडे. म्हणजे उद्या. मास्तर मान डोलवायचे आणि आमटी ओरपायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रीखंड, पुन्हा उद्या.

"एरवी माझे आईवडील एकमेकांशी कामापुरतं बोलत," सासूबाई सांगायच्या. "हसताना मी त्यांना पाहिलं ते त्या चार महिन्यांत. अगं, मौनात माणूस असलेलं मागत नाही. असलेलं समोर असतंच. खूण लागते ती नसलेल्या गोष्टीसाठी."

त्यांच्या मते मार्शबीत हेच चाललं होतं. वॉल्टर आमटीच्या वाडग्यासमोर बसून सामन मागायचा. चिमुकल्या, उपाशी, भिजलेल्या मठात हसायला एवढीच जागा होती.

इथल्या प्रोफेसरांना, म्हणजे मठांच्या इतिहासातल्या मोठ्या अधिकारी माणसाला, सासूबाईंनी ग्रंथालयात गाठून हे ऐकवलं. ते 'उचललेल्या खुणा' या मताचे पक्के. पांढऱ्या मिश्यांतून त्यांनी "इंटरेसांट" एवढंच म्हटलं. जर्मन माणूस इंटरेसांट म्हणाला की समजावं, पटलेलं नाही. पण सत्राच्या शेवटच्या चर्चासत्रात बोलायचं आमंत्रण त्यांनी दिलं. त्यानंतर ते निवृत्त होणार होते. सासूबाई घरी आल्या त्या दारातूनच ओरडत. ओरडल्या म्हणजे त्यांनी प्रयत्न केला. गेला महिनाभर त्यांचा आवाज बसला होता, त्या दिवशी नुसती हवा आली.

घशाच्या डॉक्टरांना स्वरयंत्रावर गाठ दिसली. साधी होती, पण काढावी लागली. काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं: पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही. आत्ता जोर दिला तर आवाज कायमचा जाऊ शकतो. चर्चासत्र नेमकं त्याच आठवड्यात होतं. त्यानंतर लगेच व्हिसा संपत होता आणि परतीचं विमान होतं.

"पुढच्या वर्षी बोला," विनय म्हणाला. "उगीच हट्ट कशाला?"

सासूबाईंनी रेवाची पाटी ओढली आणि लिहिलं: "उद्या पुष्कळ झाले." मग पेन्सिलीचं टोक माझ्यावर रोखलं.

म्हणजे निबंध मी वाचायचा आणि त्या शेजारी उभ्या राहणार. आता मी दरवर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत नाटक बसवते, त्यामुळे व्यासपीठाची मला भीती नाही. उलट कुणी माइक दिला तर परत घेणं अवघड जातं. मी सासूबाईंना म्हटलं, "लग्न झाल्यापासून पाहुण्यांनी मला काही विचारलं की 'तिला काय विचारता, मी सांगते' असं म्हणायचात. आता बघा कसा काळ फिरला!" त्यांनी मधाची खूण केली. जीभ जरा जास्तच बाहेर काढली.

मंगळवारी चर्चासत्राला त्या जांभळ्या नारायणपेठीत गेल्या. मी वाचलं, त्या शेजारी उभ्या राहून माझ्या उच्चारांवर डोळे वटारत राहिल्या. वाचन संपलं आणि सगळ्यांनी बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. इथे विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात. पहिल्या वर्षी सासूबाई हे ऐकून दार उघडायला उठल्या होत्या.

मग प्रोफेसरांनी हात वर केला. "मांडणी सुंदर आहे," ते म्हणाले. "पण त्या खुणा फक्त उतरवून ठेवल्या नव्हत्या, वापरल्या जात होत्या, आणि तेही थट्टेसाठी, हे कशावरून? आपण हे कल्पनेने म्हणताय, नाही का?"

सगळे सासूबाईंकडे बघू लागले. हा प्रश्न निबंधाबाहेरचा नव्हता, सगळा निबंध याच प्रश्नावर उभा होता. याचं उत्तर त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात शंभरदा दिलं होतं. त्यांचे ओठ उघडले. गळ्याची शीर हललेली मला दिसली. आता या बोलणार, आणि आवाज घालवून बसणार. मी "आई!" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले. आणि मग माझ्या सासूबाईंनी हायडेलबर्गच्या त्या विद्वान मंडळींसमोर डावी मूठ उंच धरली आणि उजवा तळवा तिच्याखाली आणला.

खोलीत कुणाला काही कळेना. मला कळलं. आणि मला कळल्यावर मला कोण थांबवणार! मी कागद बाजूला ठेवले आणि मिरजेचा पाट मांडला. मी मास्तर झाले, मी मास्तरांची बायको झाले, चक्का म्हणजे काय ते सांगितलं, दसरा म्हणजे काय ते सांगितलं. सासूबाई मूठ धरायच्या, मी मागायची. मी पळी जरा घाईने फिरवली तर त्यांनी माझं मनगट धरून ती कमान पुन्हा, सावकाश, गंभीरपणे काढायला लावली. घाईने दाखवलेल्या 'उद्या'त गंमत राहत नाही. मागच्या बाकांवरचे विद्यार्थी हसू लागले.

मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे बिशपच्या तपासनीसाची तक्रार होती, निबंधात मी वाचून गेलेली आणि कुणी फारसं लक्ष न दिलेली: मार्शबीचे बंधू जेवताना हसतात, कुणी काही बोललेलं नसतानाही. सासूबाईंनी ते शेवटचे शब्द बोटाने अधोरेखित केले आणि प्रोफेसरांकडे वळून दोन्ही हात पसरले. हे खुणेतलं नव्हतं. कोणत्याही सांगलीकर बाईने "आता बोला!" म्हणताना पसरावेत, तसे ते हात होते.

बाकं वाजली. प्रोफेसरांचं बाक वाजलं नाही. ते मिशीला हात लावून कागदावर काहीतरी बघत बसले. सासूबाईंनी हे पाहिलं. त्या माझ्या शेजारी खुर्चीवर टेकल्या, पदर नीट केला आणि इतक्या लहान दिसू लागल्या की मला काही टोमणासुद्धा सुचेना.

बाहेर व्हरांड्यात ब्रेत्झेल, म्हणजे इथला मिठाचे खडे लावलेला पाव, आणि सफरचंदाचा रस ठेवला होता. आम्ही कोपऱ्यात उभ्या होतो. गर्दीतून प्रोफेसर आले. आमच्यापुढे थांबले. हातातला ब्रेत्झेल त्यांनी दुःखी नजरेने न्याहाळला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग त्या प्रतिष्ठित माणसाने तळहात शेपटीसारखा हलवला, अंगठा हनुवटीखाली टेकवला आणि मान ताठ केली.

सामन.

सासूबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग कसलीही घाई न करता, हातात पळी असल्यासारखी, हवेतून कमान काढली आणि पलीकडे टेकवली.

दोघं हसले. सासूबाईंना मोठ्याने हसायची बंदी होती आणि प्रोफेसरांना बहुधा सवय नव्हती. नुसते खांदे हलत होते, इकडे नारायणपेठीतले आणि तिकडे कोटातले.

आवाज परत आला, पण खर्जात. फोनवर लोक त्यांना "अहो काका" म्हणू लागले, याचा त्यांना भलताच अभिमान. निबंध छापून आला. त्याच्या तळटीपेत त्यांच्या वडिलांचं नाव आहे. इंग्लंडच्या मठांच्या इतिहासात मिरजेचे एक मास्तर आता कायमचे श्रीखंड मागत बसले आहेत. "वॉल्टरच्या शेजारीच पाट मिळाला," सासूबाई खर्जात म्हणाल्या. "दोघांचं जमेल."

गेल्या वर्षी त्या सांगलीला झोपेतच गेल्या. विनय एकटाच गेला होता, दिवस करून परत आला. काय झालं, कसं झालं, हे त्याने कामापुरतं सांगितलं. आम्हीही कामापुरतं विचारलं.

तो आल्यानंतरच्या पहिल्या रविवारची दुपार. फ्राऊ क्लाइनसाठी कुकर सकाळीच झाला होता. रेवा, विनय आणि रिकामी खुर्ची. मी उभी राहून आमटी वाढत होते. विनयने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. मला वाटलं, मीठ कमी पडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग या खेळात कधीही न आलेल्या माझ्या नवऱ्याने दोन बोटं डोळ्यांपाशी नेली आणि नसलेला चष्मा सावकाश कपाळावर सरकवला.

रेवा ताटाकडे बघत राहिली. माझ्या हातात भरलेली पळी होती. मी ती हवेतून कमानीसारखी पुढे नेली, अजिबात घाई न करता, आणि पलीकडे टेकवली. निम्मी आमटी टेबलावर सांडली.

कुणी काही बोललेलं नव्हतं. तरी विनय हसला.